ठमाबाईने मागे घेतलेला शब्द

पेठ तालुक्यातल्या आवळदरीत ठमाबाई भोये लग्न होऊन आली, तेव्हा गावामागच्या डोंगरात गाय शिरली तर दोन-दोन दिवस सापडत नसे, इतकी दाट झाडी होती. पंधरा वर्षांत तोच डोंगर बोडका झाला. कोणा एकाने तोडला असं म्हणायची सोय नव्हती. भाताचं रोप टाकण्याआधी वाफा भाजावा लागतो, त्यासाठी फांद्या सगळेच छाटत. घराला वासे लागत, चुलीला सरपण लागे, आणि खालून येणाऱ्या लाकूडवाल्याच्या गाडीत सागाचा ओंडका टाकला की घरात चार दिवस मीठ-मिरची येई. १९९५च्या चैत्रात डोंगराच्या पायथ्याचा झरा आटला. म्हाताऱ्या माणसांनीही तो कधी आटलेला पाहिला नव्हता.

ठमाबाई तेव्हा पस्तिशीची. ठेंगणी, सावळी, चालताना पुढे झुकणारी. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, पण एकेचाळीस घरांच्या गावात कोणाच्या चुलीवर आज काय आहे आणि कोणाची चूल पेटलेलीच नाही, हे तिला न विचारता कळायचं. झऱ्याच्या कोरड्या दगडावर हंडा ठेवून ती बायकांना म्हणाली, "पाच वर्सं डोंगराला हात लावू नका. पाच वर्सं फक्त."

बायकांनी ते घरी सांगितलं. पुरुष हसले. तिचा नवरा मंगळू तोंडातली काडी काढून म्हणाला, "आणि भाकर कशावर भाजायची? उन्हावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई घरचं आटोपून एकटीच डोंगरावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. कोणी कोयता घेऊन आलं की उठून समोर उभी राही. शिव्या खाई, पण हटत नसे. सहाव्या दिवशी तिला कुसाबाई सापडली. कुसाबाई खालच्या पाड्यावरची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात दोन मुली, भाताचं खाचर नाही. डोंगरउताराची एक पट्टी तेवढी नावावर, तीत नागली, म्हणजे नाचणी, नाहीतर वरई व्हायची. ती मनगटाएवढं जाड सादड्याचं झाड तोडत होती. ठमाबाईने तिच्या हातातला कोयता हिसकावला.

कुसाबाई रडली नाही की ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "घे कोयता. चुलीत काय घालू ते सांग. तुझे पाय घालू?"

ठमाबाईने कोयता परत दिला आणि ती घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पडवीत रचलेल्या सरपणातली एक मोळी डोक्यावर घेऊन खालच्या पाड्यावर गेली आणि कुसाबाईच्या दारात टाकून आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी ती डोंगरावर पोचली, तर कुसाबाई तिच्या आधीच येऊन बसलेली. दोघी दिवसभर बसल्या.

आवळदरीत डोंगर राखायचे नियम असे झाले. आधी मोळी गेली, मागाहून नियम आला. वाळलेलं लाकूड आठवड्यातून एक दिवस वेचायचं, आणि ज्या घरात कमावतं माणूस नाही त्या घराने पहिलं वेचायचं. रोज दोन घरांनी राखणीला जायचं. वासा हवा असेल तर सगळ्यांसमोर मागायचा. पोलिस पाटलाचा भाऊ नाथा याने एकदा न विचारता दारासाठी साग पाडला. ठमाबाई सकाळपासून त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. भांडली नाही, फक्त बसली. नाथाच्या बायकोने चहा दिला तो प्यायली, दुपारी भाकर दिली ती खाल्ली. सूर्य कलताना नाथा वैतागून म्हणाला, "घेऊन जा ओंडका, पण ऊठ." त्या ओंडक्याची शाळेला चौकट झाली. नाथा वर्षभर तिच्याशी बोलला नाही; पुढे राखणीचा सगळ्यात कडक माणूस तोच झाला.

दहा वर्षांत डोंगर भरला. सादडा वर आला, मोह फुलू लागला, झरा वैशाखापर्यंत टिकू लागला. आणखीही एक गोष्ट झाली, तिला गावाने नाव दिलं नव्हतं. रोज दोन-दोन घरं डोंगरावर एकत्र बसत, तिथे जुनी भांडणं विरून गेली. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, वरच्या आणि खालच्या पाड्यावरची माणसं एकमेकांच्या खाचरात जाऊ लागली. वरच्या पाड्यावरच्या चिमाजीची सून बाळंतपणात अडली तेव्हा आठ माणसांनी तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणली. कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. आणि कुठलाही पेच पडला की माणसं म्हणत, "ठमाबाई काय म्हणते बघू."

२००७च्या दिवाळीनंतर नाशिकच्या एका संस्थेची जीप गावात आली. जीपमधून शुभांगी नावाची मुलगी उतरली. इंदिरानगरची, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, पायात बूट, हातात छापील कागदांचा गठ्ठा. तिला घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे होते. कुत्री अंगावर येऊ नयेत आणि बायकांनी दार लावून घेऊ नये म्हणून सरपंचाने ठमाबाईला तिच्याबरोबर दिलं.

पहिलंच घर ठमाबाईचं होतं. शुभांगीने घोंगडीवर बसून विचारलं, "मावशी, गावातल्या लोकांवर तुमचा किती विश्वास आहे? एक ते पाचमध्ये सांगायचं. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण."

"कशासाठी?" ठमाबाईने विचारलं.

"म्हणजे?"

"बैल द्यायचा असंल तर नाथावर विश्वास. पोर ठेवायची असंल तर कुसाबाईवर. गुपित सांगायचं असंल तर कोणावरच नाय. आकडा कसा सांगू?"

शुभांगी हसली आणि तिने कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं. पुढे चार दिवस दोघी हिंडल्या. कागदावर शेवटचा प्रश्न असे तो कार्बनचा. झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, परदेशातले कारखाने धूर सोडतात, म्हणून ते कारखाने झाडं लावणाऱ्यांना पैसे देतील. तुमच्या उताराच्या जमिनीवर झाडं लावायला तुम्ही तयार आहात का? ठमाबाईने ऐकून ऐकून तो प्रश्न पाठ केला, पण माणसांची उत्तरं तिला जास्त लक्षात राहिली. चिमाजीला कार्बन म्हणजे तलाठ्याच्या पावतीपुस्तकातला निळा कागद वाटला. तो झाडाला कसा लागतो हे त्याला कळेना. कोणी म्हणालं, झाड लावलं की जमीन सरकारजमा होते. मंगळू म्हणाला, "माझ्या झाडाची हवा विकली तर मग मी कोणाची हवा घेऊ?" नाथा म्हणाला, "पूर्वी एकजण निलगिरी लावा म्हणून रोपं देऊन गेला, तो पुन्हा दिसला नाय. हा दिसंल का?" आणि हे सगळं म्हणून झाल्यावर बहुतेक प्रत्येक घर एकाच वाक्याशी येऊन थांबे, "ठमाबाई म्हणली तर करू."

शुभांगी ते वाक्य प्रत्येक वेळी लिहून घेई. ठमाबाईला आधी त्याचं बरं वाटलं. दहाव्या-बाराव्या घरानंतर जरा संकोच वाटू लागला.

माघ महिन्यात संस्थेचे रंगनाथ देवरे आले. शेतकीचे पदवीधर, मूळचे नाशिक जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातले, उन्हात रापलेले. माणूस कष्टाळू होता. ते ठमाबाईबरोबर डोंगरावर चढले, झरा पाहिला, सादड्याच्या खोडाला हात लावून पाहिला. खाली उतरल्यावर म्हणाले, "ठमाबाई, मी बारा गावं फिरलो. असं एक नाही. तुम्ही हो म्हटलंत तर हे काम इथे उभं राहील, तुमच्याशिवाय नाही."

ठमाबाईला आयुष्यात कोणी साहेब असं बोलला नव्हता. आणि तिला खरंच वाटत होतं की हे काम व्हावं. दरवर्षी भात निघालं की निम्मं गाव जगायला, म्हणजे मजुरीसाठी, बाहेर पडायचं, दिंडोरी-गिरणाऱ्याकडे द्राक्षांच्या बागांत. राखणीला माणसं उरत नसत, शाळेत पोरं उरत नसत. झाडं लावायचे खड्डे गावातच खणायला मिळाले, पुढे झाडांचं उत्पन्न आलं, तर माणसं घरी राहतील. तिचा मुलगा दिनेश ओझरला विमानाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कँटीनचं काम करायचा. तो त्या रविवारी आला होता. तो म्हणाला, "आये, उतारावर नागली करून काय मिळतं? मला सुटी टाकून यावं लागतं कापणीला. झाडं लाव. झाडाला सुटी लागत नाय."

देवळापुढच्या बैठकीत रंगनाथांनी कागद दाखवला, थोडक्यात सांगितला. रोपं फुकट, खड्ड्यांची मजुरी लगेच, आणि झाडं मोजून झाल्यावर हवेचा वाटा, म्हणजे कार्बनचे पैसे. मग सगळ्यांनी ठमाबाईकडे पाहिलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला चांगलं दिसतंय. करू."

त्या दिवशी एकेचाळीस अंगठे आणि सह्या झाल्या. कुसाबाईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबताना विचारलंसुद्धा नाही की हे काय आहे.

पुढच्या आठवड्यात रंगनाथ हातातलं यंत्र घेऊन शिवार मोजायला आले. ठमाबाई, नाथा आणि चार-पाच माणसं बरोबर होती. उतारांच्या कडेने चुन्याच्या खुणा पडत गेल्या. डोंगराच्या झाडीपाशी पोचल्यावर रंगनाथ वळले.

"साहेब, डोंगर राह्यला," नाथा म्हणाला.

"डोंगर यात नाही येत."

"का?"

रंगनाथांनी टोपी काढून घाम पुसला. "ते जंगल आधीच वाचलेलं आहे. नवीन लावलेलंच धरतात. नियम माझा नाही, वरचा आहे."

नाथाने झाडीकडे हात केला. "म्हणजे खालच्या गावानं डोंगर बोडका केला, त्यांचा धरतील. आम्ही राखला, आमचा नाय धरणार. मग राखला ही चूक झाली का?"

"चूक नाही हो. पण नवीन नाही."

मागून एक जण हसत म्हणाला, "तोडून टाकू, परत लावू." बाकीचेही हसले. ठमाबाई हसली नाही. चेष्टा होती, पण दहा वर्षांत अशी चेष्टा कोणाच्या तोंडून तिने ऐकली नव्हती.

मोजणी खालच्या पाड्याकडे सरकली आणि चुन्याची खूण कुसाबाईच्या पट्टीवरून गेली. पट्टी मधोमध येत होती. ठमाबाईने विचारलं, "साहेब, इथं नागली करता येईल ना?"

"पहिली दोन वर्षं, झाडांच्या मधून."

"आणि मग?"

"मग सावली पडेल," रंगनाथ म्हणाले आणि पुढच्या खुणेकडे गेले.

ठमाबाई तिथेच उभी राहिली. इतर घरांना खाचरं होती, भात होतं. उतार हा त्यांचा जोडधंदा होता. कुसाबाईचं सगळं ताट त्या एका पट्टीतून येत होतं. हे ठमाबाईला बैठकीच्या दिवशीही ठाऊक होतं. तिच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या दिवशी सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती स्वतःकडे.

सरपंचाकडे कागदाची प्रत होती. ती तिने मागून घेतली. गावात वाचणारे होते, पण ते अक्षर लावून लावून वाचत आणि मधलं गाळत. शनिवारी ठमाबाई सकाळच्या एसटीने नाशिकला गेली. शुभांगीने जाताना पत्ता लिहून दिला होता; ती चिठ्ठी दाखवत दाखवत ती इंदिरानगरला पोचली, तेव्हा दुपार झाली होती. शुभांगीच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. ठमाबाईने जेवण होईपर्यंत कागद काढला नाही. मग पिशवीतून घडी काढली आणि शुभांगीपुढे ठेवली.

"पोरी, वाच. मधलं गाळू नको. मला नाय कळलं तरी वाच."

शुभांगीने वाचायला सुरुवात केली. एक कलम वाचायचं, मग सोप्या भाषेत सांगायचं. तीस वर्षं झाड तोडायचं नाही. त्या जागेत पीक घ्यायचं नाही, ढोरं चारायची नाहीत. जमीन मुलाच्या नावावर गेली तरी मुलाला हे बंधन लागू. पहिली मोजणी पाचव्या वर्षी. तोवर हवेचा वाटा नाही. मोजणीचा खर्च वाट्यातून वजा. आणि एका घराने झाडं तोडली किंवा आग लागली, तर सगळ्या गावाचा वाटा थांबणार.

त्या शेवटच्या कलमावर ठमाबाईने हात वर केला. "हे परत वाच."

शुभांगीने परत वाचलं.

"म्हणजे कुसाबाईच्या पोरी उपाशी राह्यल्या आणि तिनं दोन झाडं काढून नागली पेरली, तर सगळं गाव तिच्यावर उठंल."

शुभांगीने कागद खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मावशी, मी फक्त प्रश्नावली भरायला आले होते. पण हा करार मी वाचला होता. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. लोक म्हणत होते ठमाबाई म्हणेल तसं, आणि मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असेल."

"त्यांनाबी तसंच वाटलं," ठमाबाई म्हणाली.

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पूर्वी कधी तिला गावात तोंड दाखवायची भीती वाटली नव्हती. शब्द देऊन फिरणाऱ्या माणसांना ती स्वतः नावं ठेवत आली होती. गप्प राहायचीही सोय होती. कागद कोणी वाचणार नव्हतं, पाच वर्षं तरी कोणाला कळणार नव्हतं, आणि तोवर कोणास ठाऊक, काही चांगलंही निघालं असतं. सावळघाट येईपर्यंत तिने दोन्ही बाजू मनात फिरवून पाहिल्या. गाव आलं तेव्हा ती घरी न जाता सरळ खालच्या पाड्यावर गेली.

कुसाबाई अंगणात वरई पाखडत होती. ठमाबाईने बसून सगळं सांगितलं. कुसाबाईचं सूप थांबलं.

"तू म्हणलीस म्हणून मी अंगठा दिला," ती म्हणाली.

"व्हय."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"विचारलं नाय मी. विचारायला पायजे होतं. चूक माझी हाय, त्या साहेबाची नाय."

कुसाबाईने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा तांबडा झाला होता. "तेरा वर्सं झाली, ठमा. मी तुझ्यामागं डोळं झाकून चालले. पुढच्या वक्ताला मला डोळं उघडून चालू दे. सांगत जा मला. मी अडाणी हाय, पण मला प्वाट हाय."

ठमाबाईने मान खाली घातली. सूप पुन्हा उचलत कुसाबाईच म्हणाली, "आता उद्या बाकीच्यांकडं जाशील ना? मी येते संगं. एकटीला खातील तुला."

तीन दिवस दोघी घरोघरी गेल्या. प्रत्येक ओट्यावर ठमाबाई उभी राहून तेच सांगे. मी करू म्हणाले, ते न वाचता म्हणाले. माझा शब्द मागे घेते. कागदात हे असं आहे. आता तुमचं तुम्ही ठरवा, माझ्याकडे बघू नका. काही घरं ऐकून घेत. चिमाजी म्हणाला, "खड्ड्याची मजुरी येणार होती, मी जगायला जायचं रद्द केलं. आता मुकादम मला घेईल का?" नाथाची बायको म्हणाली, "आमचा उतार तर पडीकच हाय. आमचं काय जातंय? एका कुसाबाईसाठी सगळ्यांचं बुडवायचं?" हे कुसाबाईच्या समोर म्हणाली. नाथाच मध्ये पडला. "एका घरानं तोडलं तर सगळ्यांचं थांबणार म्हणतीया ती. उद्या आपल्या पोरानं तोडलं तर? गाव आपल्या दारात बसंल."

सगळ्यात जड गेलं ते स्वतःचं घर. दिनेशने ओझरला आपल्या बरोबरच्या गावच्या पोरांना सांगून ठेवलं होतं की आता उतारावरची नागली कापायला यायची गरज नाही. रविवारी तो घरी आला होता. त्याने ऐकलं आणि तो उठून उभा राहिला.

"तुझ्या नावावर मी पोरांना शब्द दिला."

"मीबी दिला होता."

"तुला तुझं गाव पायजे, आये. माणसं तुझ्याकडं बघत राह्यली पायजेत. कोणाचं भलं झालं तर ती बघायची थांबतील."

मंगळू एरवी चेष्टेवर नेणारा माणूस. त्या वेळी तो फक्त म्हणाला, "दिनेश, बस." दिनेश बसला नाही. दुपारच्याच गाडीने ओझरला निघून गेला. ठमाबाईला सगळ्यात जास्त हे लागलं की त्याच्या बोलण्यात थोडं खरं होतं. बैठकीच्या दिवशी तिला ते बघणं आवडलं होतं.

रंगनाथ देवरे आले तेव्हा कागद देवळापुढे पूर्ण वाचला गेला, या वेळी शुभांगीने, मोठ्याने. वाचायला दोन तास लागले. ज्याला अडेल त्याने थांबवायचं असं ठरलं होतं, आणि माणसं थांबवत होती. रंगनाथांचा चेहरा उतरत गेला. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "ठमाबाई, सह्या झाल्या आहेत. मी वर कळवलं आहे. माझी नोकरी आहे यावर."

"तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाय, साहेब," ती म्हणाली. "पण एकेचाळीस अंगठे तुम्ही घेतले, तो एकच अंगठा होता. माझा. बाकीचे त्याचे छाप होते."

रंगनाथांनी वही उघडली. मग त्यांनी विचारलं, गाव काय मागतं? गावाने मागितलं ते असं: ज्यांचा उतार पडीक आहे त्यांनीच लावावं, कुसाबाईसारख्या सहा घरांच्या पट्ट्या वगळाव्यात, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांचा वाटा थांबवू नये, आणि सागाबरोबर मोह, आंबा, बांबू चालावा. रंगनाथांनी ते लिहून घेतलं आणि वरिष्ठांकडे नेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. एवढ्या तुकड्या-तुकड्यांच्या क्षेत्रात मोजणी परवडत नाही. गाव वगळण्यात आलं.

संस्था पलीकडच्या खोऱ्यातल्या गावात गेली. आवळदरीत पुढचे काही महिने चांगले गेले नाहीत. चिमाजी उशिरा जगायला गेला, त्याला लांबच्या बागेत काम मिळालं. राखणीच्या पाळीला दोन-तीन घरं येईनाशी झाली. ठमाबाईने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणं टाळलं. आपला तो अधिकार राहिला नाही असं तिला वाटत होतं. त्या घरांच्या पाळीला ती आणि कुसाबाई जात. कधी नाथा जाई.

जूनमध्ये राखणीची बैठक बसली, तेव्हा माणसं सवयीने तिच्याकडे वळली. ती म्हणाली, "मी शेवटी बोलणार. आधी एकेकानं बोला." त्या बैठकीला उन्हं उतरली तरी निकाल लागेना. बायका बोलल्या, खालचा पाडा बोलला, नाथाची बायको तर दोनदा बोलली. पूर्वी जे काम घटकाभरात उरकायचं त्याला आता अर्धा दिवस लागू लागला. मंगळू कुरकुरला, "पूर्वीचं बरं होतं." पण पावसाळा संपेपर्यंत तुटलेल्या पाळ्या पुन्हा लागल्या. पुढच्या वर्षी डोंगरावरच्या सामूहिक वनहक्काचा दावा करायचं निघालं, तेव्हा तो अर्ज चिमाजीने तीनदा वाचून घेतला आणि मगच सही केली.

ठमाबाई एकदा पलीकडच्या खोऱ्यात जाऊन आली. तिथे प्रकल्प उभा राहिला होता. तिने लावणी नीट फिरून पाहिली, एका बाईला विचारलं, मजुरी मिळाली का. मिळाली होती. हवेचा वाटा कधी येणार ते कोणाला ठाऊक नव्हतं. रंगनाथ भेटले, त्यांनी चहा पाजला. शुभांगीने ती नोकरी सोडली आणि दुसरीकडे लागली, असं त्यांच्याकडून कळलं.

दिनेश वर्षभर आला नाही. गावच्या पोरांच्या हाती निरोप पाठवी, पैसेही पाठवी, स्वतः येत नसे. दुसऱ्या पावसाळ्यात आवणी ऐन भरात असताना, कुसाबाई, नाथाची माणसं आणि वरच्या पाड्यावरच्या बायका मिळून वीसेक जण ठमाबाईच्या खाचरात वाकलेले होते. बांधावर दिनेश येऊन उभा राहिला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रोपांची एक जुडी उचलली आणि आईच्या शेजारच्या ओळीला लागला.

अर्धी ओळ झाल्यावर तो म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यात जाऊन आलो. साग कमरेएवढा झालाय."

"व्हय," ठमाबाई म्हणाली. "मीबी बघून आले. चांगला आलाय."

त्याला वेगळं उत्तर अपेक्षित असावं. त्याने तिच्याकडे पाहिलं. पाऊस वाढला होता. पलीकडून कुसाबाई ओरडली, "अरे, रोपं तिरपी लावतोस, कँटीनवाल्या!" सगळे हसले. दिनेशने लावलेली चार रोपं उपटली आणि पुन्हा सरळ लावू लागला.